निवृत्तीनंतरचा खेळाडू: क्रिकेट आणि इतर खेळ

खेळाडूची कारकीर्द साधारणपणे पस्तिशीच्या आसपास संपते. इतर व्यवसायांत माणूस याच वयात कुठे स्थिरावू लागतो. खेळाडूला मात्र पुढची तीस-चाळीस वर्षे दुसऱ्या कशावर तरी काढायची असतात. ही वर्षे क्रिकेटपटूची कशी जातात आणि पैलवान, कबड्डीपटू, धावपटू, नेमबाज यांची कशी जातात, या प्रश्नाचे एक उत्तर पारावर नेहमी तयार असते: क्रिकेटवाले कोट्यधीश, बाकीचे उपाशी. हे उत्तर सगळेच खोटे नाही. पण त्यात क्रिकेटच्या शिखराची तुलना इतर खेळांच्या पायथ्याशी केलेली असते. देशासाठी खेळलेले, राज्यासाठी खेळलेले आणि जिल्ह्याच्या वेशीवर थांबलेले असे तीन थर वेगळे केले की चित्र बदलते. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावातून पाहिले तर या तिन्हींत तिसरा थरच सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते.

स्वातंत्र्यापूर्वी क्रिकेटपटू आणि पैलवान एकाच छपराखाली होते. ते छप्पर होते संस्थानिकांचे. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू होळकरांच्या आश्रयाने इंदूरला गेले, तिथे त्यांना लष्करी हुद्दा मिळाला आणि १९३२ साली ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. सांगलीच्या विजय हजारेंना बडोद्याच्या गायकवाडांचा आधार होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना खुराक, तालीम आणि मान दिला, आणि त्यांच्याच पुढाकाराने खासबागचे कुस्ती मैदान १९१२ साली उभे राहिले. राजाच्या पदरी असलेल्या खेळाडूला निवृत्ती अशी नव्हतीच. अंगातली रग संपली तरी चाकरी चालू राहत असे. ज्यांच्या डोक्यावर असे छप्पर नव्हते त्यांचे हाल क्रिकेटमध्येही व्हायचे. पालवणकर बाळू यांनी पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानावर राबत गोलंदाजी कमावली आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. जातीमुळे त्यांना कर्णधारपद नाकारले गेले. खेळ संपल्यावर ते राजकारणात उतरले आणि १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले.

संस्थाने विलीन झाली आणि इथेच दोन्ही खेळांच्या वाटा फुटल्या. क्रिकेटला मुंबई होती. टाटा, निरलॉन, एसीसी, स्टेट बँक अशा कंपन्यांनी आणि बँकांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि टाइम्स शिल्डसारख्या स्पर्धेसाठी आपापले संघ बांधले. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते आणि वरच्या पदापर्यंत चढले. सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते. दिवसभर खेळून संध्याकाळी हजेरीपटावर सही करण्याची ही पद्धत आज कुणाला गमतीची वाटेल, पण निवृत्तीच्या दिवशी त्या खेळाडूच्या हातात पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि एखाद्या खात्याची खुर्ची असे. कुस्तीला मुंबईच्या कचेऱ्यांतून असे पाठबळ मिळाले नाही. तिला जत्रांचे फड, पुढे साखर कारखान्यांचे मानधन आणि पोलीस खाते मिळाले. यांपैकी फड आणि मानधन अंगात ताकद असेपर्यंतच टिकणारे होते.

या फाट्यावर उभे असलेले सर्वांत मोठे नाव खाशाबा जाधव यांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून गहाणाचे पैसे फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. बढती दीर्घकाळ अडली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला २०१० साली त्यांचे नाव दिले गेले आणि आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. या सन्मानांपैकी मिरवणूक सोडून बाकी सारे ते गेल्यानंतरचे आहेत. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. खाशाबांचे घर चालले ते पोलीस खात्याच्या पगारावर. पदकाने त्यांना कीर्ती दिली, पण महिन्याच्या पहिल्या तारखेला काही दिले नाही.

त्या काळचा क्रिकेटपटूही काही श्रीमंत नव्हता. १९८३ चा विश्वचषक जिंकून संघ परतला तेव्हा क्रिकेट मंडळाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूच्या हाती लाख रुपये पडले. निवृत्तांसाठी मदतनिधीचे सामने भरवले जात. १९८१ पासून शारजात भारत-पाकिस्तानच्या माजी खेळाडूंना थैल्या देण्याची प्रथा सुरू झाली, तीही एका अरब व्यापाऱ्याच्या हौसेतून. म्हणजे ऐंशीच्या दशकापर्यंत क्रिकेटपटूचे म्हातारपणही कुणाच्या तरी मेहेरबानीवरच होते. फरक पडला तो नव्वदच्या दशकात, दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा आल्यावर. २००८ साली आयपीएल सुरू झाली, आणि २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे तिचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. इतका पैसा एखाद्या खेळात येणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्यातला काही भाग निवृत्तांकडे वळवण्याची व्यवस्था मंडळाने केली, ही उरलेली अर्धी गोष्ट तुलनेत महत्त्वाची आहे.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने माजी खेळाडूंसाठी २००४ साली मासिक निवृत्तिवेतन सुरू केले. २०१२ साली कसोट्यांच्या संख्येनुसार दीड कोटी रुपयांपर्यंतची एकरकमी भेटही दिली. जून २०२२ मध्ये निवृत्तिवेतनाच्या रकमा वाढवण्यात आल्या. प्रथम श्रेणीच्या ज्या माजी खेळाडूंना १५,००० रुपये मिळत त्यांना ३०,००० मिळू लागले, २००३ पूर्वी निवृत्त झालेल्या आणि २२,५०० मिळणाऱ्या खेळाडूंना ४५,०००. कसोटीपटूंचे ३७,५०० होते ते ६०,००० झाले आणि सर्वांत वरच्या गटाचे ५०,००० वरून ७०,००० वर गेले. लाभार्थी सुमारे नऊशे.

दुसऱ्या बाजूला केंद्र सरकारची गुणवंत खेळाडूंसाठीची निवृत्तिवेतन योजना आहे. ती १९९४ पासून चालू आहे, म्हणजे क्रिकेट मंडळाच्या योजनेहून दहा वर्षे जुनी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिक पदकविजेत्याला महिना २०,००० रुपये मिळतात, जागतिक स्पर्धेतील सुवर्णपदकविजेत्याला १६,०००, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धांतील सुवर्णाला १४,००० आणि तिथल्या रौप्य-कांस्याला १२,०००. वयाची तिशी ओलांडलेली आणि खेळातून निवृत्ती घेतलेली असावी लागते. राज्य सरकार हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी आणि इतर सन्मानित खेळाडूंना वेगळे मानधन देते. ते तिपटीहून अधिक वाढवण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत झाली.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की आधी रकमांचा फरक डोळ्यांत भरतो. एकही कसोटी न खेळलेल्या रणजीपटूला ऑलिंपिक पदकविजेत्यापेक्षा दरमहा दहा हजार जास्त मिळतात. यावरून नेहमी संताप व्यक्त होतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण रकमेपेक्षा मोजमाप अधिक बोलके आहे. क्रिकेटचे मंडळ सामने मोजते, सरकार पदके मोजते. पद्माकर शिवलकरांचे उदाहरण घ्यावे. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी संघात असल्यामुळे भारताची टोपी कधीच घातली नाही. सरकारी पद्धतीच्या हिशेबात अशा माणसाची किंमत शून्य झाली असती. मंडळाच्या हिशेबात ते मुंबईसाठी वर्षानुवर्षे राबलेले खेळाडू होते, आणि त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कारही मिळाला. याउलट दहा वर्षे महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय कबड्डी किंवा खो-खो स्पर्धा खेळलेला, पण भारताच्या संघात न पोहोचलेला खेळाडू केंद्राच्या योजनेत बसत नाही. क्रिकेटने मधला थर वाचवला, इतर खेळांत तो उघड्यावर राहिला. दोन खेळांतल्या निवृत्तांमधली खरी दरी शिखरावरच्या कोटींची नाही, ती इथली आहे.

हे सारे क्रिकेट या खेळाच्या गुणाने घडले नाही, याचा पुरावा क्रिकेटच्याच घरात आहे. महिला क्रिकेटची संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि २००६ पर्यंत ती मंडळाबाहेर होती. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, मुंबईच्या डायना एडल्जी यांच्या पिढीने चेंडू तोच टाकला आणि बॅट तीच धरली, पण त्यांचे जगणे कबड्डीपटूंसारखे होते. बिनआरक्षणाचे रेल्वेप्रवास, शाळांच्या वर्गखोल्यांत मुक्काम, आणि पोटासाठी रेल्वेची नोकरी. मंडळात विलीनीकरण झाले आणि काही वर्षांनी त्यांनाही निवृत्तिवेतन लागू झाले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खेळाडूंचे ३०,००० वरून ५२,५०० झाले, आणि त्याच वर्षी विद्यमान महिला खेळाडूंचे सामना मानधन पुरुषांइतके करण्यात आले. खेळ एकच असताना फक्त छप्पर बदलल्यावर निवृत्तीचे रूप बदलले.

इतर खेळांतल्या खेळाडूंचा खरा आधार निवृत्तिवेतन योजना हा नाहीच. तो आहे खेळावर मिळालेली नोकरी. रेल्वे, पोलीस, लष्कर, बँका, ओएनजीसी, आयुर्विमा महामंडळ यांनी जितके खेळाडू सांभाळले तितके कोणत्याही क्रीडा खात्याने सांभाळले नसतील. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. तिला नोकरी मिळाली ती ओएनजीसीत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिंपिकचे सुवर्णपदक जिंकून आले. पद्मश्री यायला २०१८ उजाडले आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. मधल्या दशकांत घर चालले ते पुण्यातल्या टेल्कोच्या नोकरीवर.

राज्य सरकारने अलीकडे थेट नेमणुकांचे धोरण घेतले आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर महसूल खात्यात अधिकारी झाल्या. पैलवान राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाले. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे तहसीलदार झाला, आणि या उदाहरणातून धोरणाची दुसरी बाजूही दिसली. तहसील सांभाळायची की पहाटे तलावात उतरायचे, या ओढाताणीत त्याच्या उमेदीच्या काळातले पोहणे मागे पडले. निवृत्तीची सोय कारकीर्दीच्या मध्यावरच लागली की ती कधी कधी कारकीर्दीच्याच मुळावर येते. नेमबाज स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकून तो खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राचा दुसरा वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता ठरला, आणि रेल्वेने त्याला विशेष कार्य अधिकारी केले. त्याआधी महिन्याभरापूर्वी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाला राज्य सरकारने ११ कोटी आणि मंडळाने १२५ कोटी रुपये जाहीर केले होते. स्वप्नीलसाठी राज्याने प्रथम एक कोटी जाहीर केले आणि टीका झाल्यावर पुढे बक्षिसांच्या रकमा वाढवल्या. बक्षिसांची ही तुलना वर्तमानपत्रांना आवडते. निवृत्तीच्या हिशेबात मात्र रेल्वेची खुर्ची एक कोटीपेक्षा कमी मोलाची नाही.

नोकरी असलेला खेळाडू आणि मध्यम दर्जाचा क्रिकेटपटू यांची तुलना केली तर निकाल उलटा लागू शकतो. रेल्वेच्या किंवा पोलीस दलाच्या संघातून खेळलेला कबड्डीपटू साठीपर्यंत पगार घेतो, क्वार्टरमध्ये राहतो, त्याच्या कुटुंबाला औषधपाण्याची सोय असते. निवृत्तीची चिंता त्याला पस्तिशीत नसते, ती अठ्ठावन्नाव्या-साठाव्या वर्षी येते. अर्थात यातही एक खाच आहे. राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना सरसकट लागू नाही. तरी ज्या क्रिकेटपटूला रणजीचे पाच-सात सामने खेळून बाजूला व्हावे लागले, त्याच्याहून या माणसाचा संसार नक्कीच सुरळीत चालतो. क्रिकेटमध्ये पैसा आल्यावर कंपन्यांनी आपले संघ हळूहळू मोडीत काढले आणि नोकरीची जुनी वाट अरुंद झाली. ती पूर्ण बंद झालेली नाही. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव एके काळी पोलीस भरतीत नापास झाला होता. भारतासाठी खेळू लागल्यावर २०१७ साली रिझर्व्ह बँकेने त्याला नागपूर कार्यालयात नोकरी दिली. पण ती मिळाली तेव्हा त्याला तिची फारशी गरज उरली नव्हती.

खेळातच राहून पोट भरण्याच्या बाबतीत क्रिकेटची आघाडी निर्विवाद आहे. प्रशिक्षक, निवडसमिती सदस्य, पंच, सामनाधिकारी, क्युरेटर, चित्रफिती तपासणारा विश्लेषक, समालोचक, अकादमीचालक अशा पायऱ्यांची एक शिडीच तयार झाली आहे, आणि तिच्या बहुतेक पायऱ्यांवर महिन्याचा पगार आहे. चंद्रकांत पंडित पाच कसोट्या खेळले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन संघांना रणजी करंडक मिळवून दिला. विदर्भाचे २०१७-१८ आणि २०१८-१९ चे दोन्ही विजय त्यांच्याच हाताखालचे. अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, पण भारतासाठी एकही सामना खेळायला मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक ते होते. हृषीकेश कानिटकर राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षणात आहेत. गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर पहिल्या आयपीएलमध्ये चमकला, नंतर विसरला गेला आणि गोव्याच्याच तरुण संघाचा प्रशिक्षक झाला. संदीप पाटील यांनी तर सिनेमात काम केले, ‘एकच षट्कार’ या क्रीडा पाक्षिकाचे संपादन केले आणि केनियाला २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेले. मराठीत क्रिकेट समालोचन आल्यामुळे अलीकडे रणजीपटूंनाही माइक मिळू लागला आहे.

कुस्तीतही शिकवण्याची परंपरा मोठी आहे, कदाचित क्रिकेटहून जुनी. गणपतराव आंदळकर १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य जिंकून आले आणि पुढची दशके कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून राहिले. हरिश्चंद्र बिराजदारांनी पुण्यात तेच केले. वस्तादाला मान आहे, शिष्य पाया पडतात, गुरुपौर्णिमेला फेटा मिळतो. ठरलेला पगार बहुधा नसतो. कबड्डी आणि खो-खोमध्ये पंचगिरी करणाऱ्या जुन्या खेळाडूंना मिळणारा भत्ता प्रवासखर्च भागवण्यापुरताच असतो. नेमबाजी मात्र महाराष्ट्रात अपवाद ठरली. अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या दीपाली देशपांडे स्वप्नील कुसाळेच्या प्रशिक्षक झाल्या आणि सुमा शिरूर यांनी पॅरालिंपिक नेमबाज अवनी लेखराला घडवले. या खेळाडूंचा दुसरा डाव पहिल्याहून सरस ठरला, आणि त्यामागे राष्ट्रीय शिबिरांचे पैसे व खासगी अकादम्या होत्या.

प्रो कबड्डीने २०१४ पासून एक नवी गोष्ट घडवली. पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१९ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. यामुळे मातीतल्या खेळाडूच्या घरावर स्लॅब पडला, ही साधी गोष्ट नव्हे. पण लीगचा पैसा कराराचा असतो. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला की तो थांबतो, आणि कबड्डीत तो वरचेवर तुटतो. लीगच्या नादात काहींनी नोकरीच्या संघाकडे दुर्लक्ष केले, हाही धोका जुन्या प्रशिक्षकांकडून ऐकू येतो. क्रिकेटमधल्या आयपीएलचा अनुभव याहून वेगळा नाही. पॉल वल्थाटीने २०११ साली चेन्नईविरुद्ध नाबाद १२० धावा ठोकल्या, मनगटाच्या दुखापतीने पुढचे सारे हिरावले, आणि त्याला सावरले ते एअर इंडियाच्या जुन्या वळणाच्या नोकरीने.

पैसा आणि योजना असूनही क्रिकेटपटू खचतो तेव्हा काय होते, हे विनोद कांबळीच्या रूपाने सगळ्यांनी पाहिले. १७ कसोट्यांत १,०८४ धावा, सरासरी ५४.२०, आणि शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की मंडळाचे तीस हजार रुपये हेच आपले उत्पन्न आहे आणि मुंबई क्रिकेट संघटनेने काही काम द्यावे. डिसेंबर २०२४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात रुग्णालयात दाखल झाला, आणि एप्रिल २०२५ पासून गावसकरांच्या चॅम्प्स फाउंडेशनने त्याला दरमहा तीस हजारांची मदत सुरू केली. या प्रकरणात लोकांनी नशीब, संगत, व्यसन यांवर भरपूर चर्चा केली. तुलनेच्या दृष्टीने दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे तळाला जाऊनही त्याच्याखाली निवृत्तिवेतनाची जाळी होती. दुसरी म्हणजे लहान वयात मिळालेली प्रसिद्धी माणसाला साधे काम मागण्यापासून अडवते. निवृत्त धावपटू शाळेत शिपायाची नोकरीही धरतो आणि गावाला त्यात वावगे वाटत नाही. कसोटीवीराला ते जमत नाही आणि लोकही जमू देत नाहीत. चॅम्प्स फाउंडेशन १९९९ पासून काम करते आणि ती मदत केवळ क्रिकेटपटूंसाठी नाही. गरजू हॉकीपटू आणि इतर माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंनाही तिचा आधार मिळाला आहे.

शरीराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. क्रिकेटपटूंत वेगवान गोलंदाजांची पाठ आणि घोटे आयुष्यभर कुरकुरतात. फलंदाज आणि फिरकी गोलंदाज त्या मानाने धडधाकट राहतात. कबड्डी आणि खो-खोत गुडघे आधी जातात. पैलवानाचे दुखणे खुराकाशी बांधलेले आहे. मेहनत थांबते, पण दूध-तूप-बदामाची सवय थांबत नाही, आणि चाळिशीनंतर वजन, रक्तदाब, मधुमेह यांचा फेरा सुरू होतो. नोंदणीकृत माजी क्रिकेटपटूंना उपचारासाठी मंडळ आणि राज्य संघटनांकडून मदत मिळते. क्रिकेट प्रशासनाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ साली स्थापन झालेली माजी खेळाडूंची संघटनाही आहे, आणि करोनाच्या काळात तिने गरजू सदस्यांना पैसे दिले. इतर खेळांसाठी केंद्राचा राष्ट्रीय कल्याण निधी १९८२ पासून आहे. त्यातून हलाखीतल्या खेळाडूंना मदत होते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, दारिद्र्य सिद्ध करावे लागते. बहुतेक वेळा एखाद्या वर्तमानपत्रात फोटो छापून आल्यावर हा निधी हलतो.

उरला जिल्ह्याच्या वेशीवर थांबलेल्यांचा तिसरा थर. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि पुढे केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या या भागात क्रिकेट टेनिस बॉलचे आहे. उन्हाळ्यात शेत मोकळे झाले की स्पर्धा लागतात, बक्षीस रोख असते आणि उत्तम खेळणारा पोरगा आसपासच्या गावांत नावाने ओळखला जातो. विदर्भ क्रिकेट संघटनेचा कारभार नागपूरला, दोनशे किलोमीटरांहून दूर. लेदर बॉल, मॅट, निवड चाचणी हे सारे त्या वाटेवर लागते. अमरावतीच्या जितेश शर्मापर्यंत ती वाट येऊन पोहोचली आहे, अनसिंगपर्यंत अजून नाही. त्यामुळे विदर्भाने २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा रणजी जिंकली किंवा रणजीच्या अनुभवी खेळाडूला दिवसाला ६० हजार रुपये मिळू लागले, तरी इथल्या टेनिस बॉल खेळाडूची ‘निवृत्ती’ लग्न झाल्यावर आणि वावरात उतरल्यावर होते. त्याच्या नावावर एकही सामना कुठे नोंदलेला नसतो. सामने मोजणाऱ्या मंडळाला तो दिसत नाही.

याच गावातला कबड्डी, कुस्ती किंवा धावण्यातला मुलगा या थरावर क्रिकेटवाल्यापेक्षा पुढे असतो. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि प्रत्येक पायरीला प्रमाणपत्र असते. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. २००५ चा शासन निर्णय १ जुलै २०१६ च्या निर्णयाने सुधारला गेला. पद जितके वरचे तितकी स्पर्धेची पातळी वरची लागते, आणि पहिल्या तीन क्रमांकांत यावे लागते. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांचे लक्ष पोलीस भरती आणि सैन्यभरतीवर असते, त्यात हा खेळाचा कागद कामाला येतो. त्यापलीकडची जुनी वाट शारीरिक शिक्षणाची होती. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून पदवी घ्यायची आणि एखाद्या शाळेत ‘पीटीचे सर’ व्हायचे, हा वऱ्हाडातल्या कितीतरी मल्लखांबपटूंचा आणि कबड्डीपटूंचा दुसरा डाव होता. २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली आणि पदवी घेतलेले अनेक जण तासिका तत्त्वावर किंवा खासगी व्यायामशाळेत अडकले.

कागदाला किंमत आली तसा त्याचा बाजारही झाला. कमी खेळल्या जाणाऱ्या खेळांची बोगस प्रमाणपत्रे देऊन नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघड झाली, आणि पडताळणी कडक झाली. तिचा फटका खऱ्या खेळाडूलाही बसतो, कारण दहा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेचा अहवाल संघटनेने जपलेला नसेल तर प्रमाणपत्र खरे असूनही अडते. केंद्राने २९ ऑगस्ट २०२४ रोजी निवृत्त खेळाडूंना नवे कौशल्य शिकवण्यासाठी ‘रिसेट’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. वीस ते पन्नास वयोगटातल्यांना त्यात प्रशिक्षण घेता येते. त्याचे दार आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांपुरते बंद नाही, राष्ट्रीय आणि राज्य पातळीपर्यंत उघडे ठेवलेले आहे. सरकारी योजनेने पदकाखालच्या थराकडे पाहण्याचा हा पहिला ठळक प्रयत्न. जिल्हा पातळीवर थांबलेला खेळाडू त्याच्याही बाहेर आहे. त्याच्यासाठी सध्या अमरावती विभागाच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून येणारे प्रमाणपत्र, भरतीच्या वयाची अट आणि घरची शेती एवढेच उपलब्ध आहे.